‘जवळचा पंक्चरवाला’ सापडेना: जागा आणि शब्द मिळून शोधताना इंडेक्स असूनही क्वेरी रखडते तेव्हा

तक्रार दर वेळी त्याच शब्दांत येते. “जागेवर इंडेक्स आहे, शब्दांवरही आहे, तरी क्वेरी रखडते.” आणि मागोमाग दुसरं वाक्य, “गेल्या महिन्यात दुरुस्त केलं होतं, परत सुरू झालंय.” पहिल्या वाक्याचं उत्तर कुठेही मिळतं. मला इथे दुसऱ्या वाक्याबद्दल लिहायचंय, कारण एका क्वेरीसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या क्वेरीचं वाटोळं करते आणि ते कळायला महिना लागतो.

उदाहरणासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतो, सोबत त्याला नकाशाचं काम शिकवणारं पोस्टजीआयएस. टेबल एकच, ‘ठिकाणं’. त्यात नाव, वर्णन, ‘जागा’ हा जिओग्राफी प्रकारचा (अंतर मीटरमध्ये मोजणारा) कॉलम आणि ‘शब्द’ हा टीएसव्हेक्टर, म्हणजे शोधासाठी मजकुराची केलेली शब्दयादी. जागेवर जिस्ट इंडेक्स, शब्दांवर जिन; हे इंडेक्सचे, म्हणजे शोधसूचीचे, दोन प्रकार. प्रश्न असा: या बिंदूपासून पाच किलोमीटरच्या आतली, हा शब्द असलेली, जवळून दूर या क्रमाने पहिली वीस ठिकाणं द्या. हाताशी डेटा नसेल तर जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशाचा भारताच्या पश्चिम विभागाचा उतारा उतरवून घ्या. महाराष्ट्र आणि गोवा त्यात येतात, आणि पेठांमधली दाटी व गडचिरोलीतला विरळपणा दोन्ही एकाच टेबलात मिळतात. या दुखण्याला नेमकी तीच विषमता लागते.

आधी किरकोळ कारणं काढून टाका

अंतर कसं लिहिलंय ते बघा. ‘एसटी_डिस्टन्स पाच हजारापेक्षा कमी’ असं लिहिलं असेल तर जिस्ट इंडेक्स त्याला हात लावत नाही. प्रत्येक ओळीचं अंतर काढलं जातं आणि मग तुलना होते. तेच ‘एसटी_डीविदिन’ने लिहिलं की आधी इंडेक्समधून चौकट लावून छाटणी होते आणि उरलेल्यांचंच अंतर मोजलं जातं.

कॉलमचा प्रकार बघा. कॉलम जिओमेट्री असेल आणि एसआरआयडी (सहनिर्देशांक पद्धतीचा क्रमांक) ४३२६, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश, असेल, तर पाच हजार हा आकडा मीटर नसतो, अंश असतो. पृथ्वी ३६० अंशांत संपते, त्यामुळे अटीत सगळं जग बसतं. यावर घाईने केलेला उपाय म्हणजे क्वेरीत कॉलमला जिओग्राफीत कास्ट करणं, म्हणजे तिथल्या तिथे प्रकार बदलणं. उत्तरं बरोबर येतात, पण इंडेक्स मूळ जिओमेट्रीवर आहे, कास्ट केलेल्या रूपावर नाही. म्हणून तो बाजूला पडतो. कास्टसकट एक्स्प्रेशन इंडेक्स (नुसत्या कॉलमवर नव्हे, सूत्रावर केलेला) करा, नाहीतर सरळ जिओग्राफीचा कॉलम ठेवा.

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा ओएसएम२पीजीएसक्यूएल या साधनाने भरला असेल तर तो मुळात ३८५७ प्रक्षेपणात (वेबनकाशांच्या मर्केटरमध्ये) येतो. तिथे आकडा मीटरसारखा दिसतो खरा, पण पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारे साडेपाच टक्के फुगलेला असतो. तुमचे पाच किलोमीटर जमिनीवर पावणेपाचच्या आतबाहेर भरतात. लंडनमध्ये हीच फुगवणूक साठ टक्क्यांच्या पुढे जाते.

आणि रेखांश आधी, अक्षांश नंतर. पोस्टजीआयएसमध्ये बिंदू असाच बनतो. उलटं टाकलं की पुणे थेट बेरेंट्स समुद्रात, नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडच्या थोडं खाली जाऊन पडतं. शोध भलताच वेगवान होतो, कारण तिथे दुकानंच नाहीत.

शब्दांच्या बाजूची चूक एकच, पण हमखास. इंडेक्स शब्दांची रूपं न छाटणाऱ्या ‘सिंपल’ कॉन्फिगरेशनवर केलेला असतो आणि क्वेरीत कॉन्फिगरेशन लिहिलेलंच नसतं, म्हणून डीफॉल्टचं इंग्रजी लागतं. दोन्ही एक्स्प्रेशन अक्षरशः सारखी नसतील तर प्लॅनर (क्वेरी कोणत्या रस्त्याने चालवायची हे ठरवणारा डेटाबेसचा भाग) इंडेक्स ओळखत नाही. पोस्टग्रेस १२ पासून जनरेटेड कॉलम (इतर कॉलमांवरून आपोआप भरणारे) आहेत. टीएसव्हेक्टर त्यात ठेवला की हा घोळ मुळातूनच जातो.

आता प्लॅन वाचा

क्वेरीचा प्लॅन दाखवणाऱ्या एक्स्प्लेनला ॲनालाइझ आणि बफर्स दोन्ही लावून चालवा. नुसता वेळ बघू नका. दुसऱ्यांदा चालवलेली क्वेरी कॅशमुळे नेहमीच सुसाट धावते आणि आपण उगाच खूश होतो. किती पानं वाचली, हा आकडा जास्त खरा.

प्लॅन साधारण तीन चेहऱ्यांनी भेटतो. पहिल्यात जागेचा इंडेक्स पुढे चालतो आणि शब्दाची अट फिल्टर म्हणून मागे राहते. ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’समोर मोठा आकडा दिसला की समजा, जवळची हजारो ठिकाणं उचलून टाकून दिली. दुसऱ्यात उलट होतं: शब्दाचा जिन इंडेक्स राज्यभरातली सगळी ‘मेडिकल’ गोळा करतो आणि मग कोथरूडबाहेरची फेकतो. तिसरा चेहरा बिटमॅपअँडचा. दोन्ही इंडेक्स आपापली पूर्ण यादी बिटमॅपमध्ये (कोणत्या ओळी हव्यात याच्या खुणांच्या तक्त्यात) मांडतात, दोन्हींचा छेद घेतला जातो आणि तेवढ्याच ओळी टेबलातून उचलल्या जातात.

तिसरा दिसला की बरेच जण निश्चिंत होतात. पण छेद घ्यायच्या आधी दोन्ही याद्या पूर्ण बनवाव्या लागतात. एक यादी वीस ओळींची आणि दुसरी चार लाखांची असेल तर चार लाखांचं काम फुकट गेलं. शिवाय बिटमॅप वर्क_मेममध्ये मावला नाही (एका कामाला मिळणारी मेमरी, डीफॉल्ट चार एमबी) तर तो ओळींऐवजी पानं लक्षात ठेवू लागतो. हीप ब्लॉक्ससमोर ‘लॉसी’ असा आकडा दिसतो तो हाच. मग त्या पानांवरची प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागते. वर्क_मेम वाढवल्याने हे थांबतं, म्हणून पुष्कळांची पहिली ‘दुरुस्ती’ हीच असते. पण डेटा वाढला की बिटमॅपही वाढतो, आणि तक्रार परत दारात.

पैठणी आणि भामरागड

आता खरा आजार. त्रिज्या छोटी असेपर्यंत वरचे तिन्ही प्लॅन कसेबसे चालतात. मग कुणीतरी म्हणतं, “पाच किलोमीटरात काही नसेल तर रिकामी पाटी दाखवू नका, त्यापुढचं दाखवा.” मागणी रास्त आहे. आपण त्रिज्या काढतो आणि ऑर्डर बायमध्ये <-> हे अंतराचं चिन्ह वापरून लिमिट २० लावतो. जिस्ट इंडेक्स जवळून दूर अशा क्रमाने ओळी देऊ शकतो, ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.१ पासून आहे. ‘मेडिकल’ शोधून बघितलं तर उत्तर झटक्यात येतं आणि सगळे टाळ्या वाजवतात.

याच क्वेरीत शब्द ‘पैठणी’ टाका आणि बिंदू येवल्यात ठेवा. उत्तर लगेच येतं, पैठणीची दुकानं तिथे पावलोपावली. आता बिंदू गडचिरोलीतल्या भामरागडला न्या. इंडेक्स भामरागडपासून बाहेर बाहेर चालत निघतो आणि वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाला विचारतो, “तुझ्याकडे पैठणी?” येवला तिथून सरळ रेषेत सहाशे किलोमीटरहून लांब. वाटेत नागपूर लागतं, अमरावती लागते, तिथे चारदोन सापडतात. पण वीस भरेपर्यंत निम्मं राज्य पालथं घातलेलं असतं.

प्लॅनरने हा रस्ता का निवडला? त्याच्याकडे शब्दाची वारंवारता आहे आणि जागेची आकडेवारीही आहे, पण दोन्हींमधलं नातं नाही. तो गृहीत धरतो की पैठण्या नकाशावर तिळगुळासारख्या सारख्या उधळलेल्या आहेत, थोडं चाललं की वीस मिळतील. हापूस, कल्हई, पैठणी, मासळी बाजार असे शब्द जमिनीला चिकटलेले असतात, आणि आपण जागेसकट नेमके तेच शोधतो. क्रिएट स्टॅटिस्टिक्सने दोन कॉलमांमधलं नातं सांगता येतं हे खरं, पण ती सोय साध्या तुलनांसाठी आहे. अंतर आणि टीएसव्हेक्टर यांच्या जोडीला तिचा उपयोग होत नाही.

यातली सर्वात वाईट क्वेरी कोणती, तर टायपिंगची चूक. कुणी ‘पैठनी’ लिहिलं आणि तो शब्द टेबलात कुठेच नसला, तर लिमिट कधीच भरत नाही. इंडेक्स शेवटच्या ओळीपर्यंत चालत जातो आणि शून्य उत्तरं घेऊन परत येतो. लॉगमधल्या सगळ्यात संथ क्वेऱ्या काढून बघा, त्यात शुद्धलेखनाच्या चुकांची गर्दी दिसेल.

उपाय, आणि प्रत्येकाची किंमत

शब्द दुर्मिळ असेल तर आधी शब्दाने गोळा करायचं आणि मग अंतराने लावायचं. त्यासाठी ऑर्डर बायमधल्या अंतराला ‘अधिक शून्य’ जोडा. दिसायला बावळट, पण त्यामुळे क्रमासाठी जिस्ट वापरता येत नाही आणि प्लॅनर जिनकडे वळतो. वीस-पन्नास, अगदी दोन हजार ओळी क्रमाने लावणं म्हणजे काहीच काम नाही. ‘पैठनी’साठी तर जिन एकदा नाही म्हणतो आणि विषय संपतो.

हेच बरेच जण विथच्या उपक्वेरीने करत असत. पोस्टग्रेस ११ पर्यंत विथ म्हणजे कुंपण होतं, आतलं आधी पूर्ण व्हायचं. १२ पासून एकदाच वापरलेली साधी विथ मुख्य क्वेरीत मिसळून टाकली जाते. ‘मटेरियलाइज्ड’ हा शब्द स्पष्ट लिहिला नसेल तर कुंपण गेलं. आवृत्ती बदलल्यावर जुनं दुखणं उपटलं असेल तर आधी इथे बघा.

शब्द सर्रास असेल, ‘मेडिकल’सारखा, तर मात्र अंतराचा रस्ताच बरोबर. म्हणजे रस्ते दोन आणि निवड आपण करायची. शब्द किती ठिकाणी येतो हे टीएस_स्टॅट फंक्शन देतं. ते सगळं टेबल वाचतं, म्हणून रात्री एकदा चालवून निकाल छोट्या टेबलात ठेवा. शोध आला की त्या टेबलात आकडा बघायचा: कमी असेल तर शब्दाचा रस्ता, जास्त असेल तर जागेचा. सीमारेषा किती, हे माझ्याकडून घेऊ नका, आपल्या टेबलावर मोजा. मला हा उपाय सगळ्यात आवडतो. प्लॅनरशी कुस्ती खेळायची नसते, आणि सहा महिन्यांनी दुसरा कुणी कोड वाचतो तेव्हा काय चाललंय ते त्याला कळतं.

एकाच जिस्टमध्ये जागा आणि शब्द दोन्ही घालता येतात. दोन्हींना जिस्टचा आधार आहे, वेगळं एक्स्टेन्शन लागत नाही. मग इंडेक्स जवळून दूर जातानाच शब्द तपासतो आणि न जुळणाऱ्या बहुतेक ओळींसाठी टेबलापर्यंत जावं लागत नाही. भामरागडचा प्रवास तेवढाच राहतो, फक्त दर दारात थांबून आत डोकवावं लागत नाही. अडचण अशी की जिस्टमध्ये मोठे टीएसव्हेक्टर बिटांच्या सहीच्या रूपात राहतात आणि झाडात वर वर जाताना सगळे बिट एक होतात. त्यामुळे वरच्या फांद्या शब्दावरून छाटल्या जात नाहीत. पोस्टग्रेस १३ पासून ‘सिगलेन’ने सहीची लांबी वाढवता येते, डीफॉल्ट १२४ बाइट आहे. नावं आणि दोन-चार प्रकार एवढाच मजकूर असेल तर हा इंडेक्स छान चालतो. लांबलचक वर्णनांवर मला तो पटत नाही.

तिसरा मार्ग जुगाडाचा, पण फार वेगवान: नकाशाचे चौकोन पाडायचे, चौकोनाचं नाव शब्दाला चिकटवायचं आणि तो जोडशब्द जिनमध्ये टाकायचा. ‘या चौकोनातली मेडिकल’ हा एकच शब्द झाला, दोन याद्यांचा छेद घ्यायचं कामच उरलं नाही. चौकोनांसाठी जिओहॅश (चौकोनाचं छोटं अक्षरी नाव; अक्षरं वाढली की चौकोन लहान) सोपा पडतो, पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला सीमेचा. चार अक्षरी जिओहॅशची एक सीमा ७३.८२८१२५ पूर्व रेखांशावरून जाते, म्हणजे पुण्याच्या मधोमध. कोथरूड ‘टीईके३’मध्ये पडतं, शनिवारवाडा ‘टीईके९’मध्ये. एकच चौकोन शोधलात तर कर्वे रस्त्यावरून निघालेल्या माणसाला नदीपलीकडचं दुकान दिसायचं नाही. म्हणून शेजारचे आठ धरून नऊ चौकोन घ्यायचे असतात. दुसरा खड्डा त्या नवांतच आहे. पाच अक्षरी चौकोन विषुववृत्तावर सुमारे ४.९ किलोमीटरचा असतो. पुण्यात त्याची रुंदी ४.६४ च्या आसपास येते. माणूस मधल्या चौकोनाच्या काठावर उभा असेल तर नऊ चौकोनांनी त्या बाजूला पाच किलोमीटरांचीही हमी मिळत नाही. त्रिज्येची चौकट काढा, तिला स्पर्श करणारे सगळे चौकोन मोजा आणि शेवटी एसटी_डीविदिन ठेवाच.

मायएसक्यूएलवर असाल तर हा जोडशब्दाचाच मार्ग जवळ पडतो, कारण तिथे फुलटेक्स्ट आणि स्पेशियल हे दोन इंडेक्स एका टेबलावर एकत्र जोडले जात नाहीत. मोंगोडीबीत टेक्स्ट शोध आणि ‘निअर’ एका क्वेरीत बसत नाहीत. नुसत्या या एका क्वेरीपायी वेगळा सर्च सर्व्हर उभा करायची मात्र घाई नको. दोन ठिकाणचा डेटा जुळवत बसण्याचं दुखणं मग वेगळं सुरू होतं.

सगळं केलं, तरी परत आलं

सकाळी भरपूर नवीन ठिकाणं भरली, शोध जड झाला, दुपारी आपोआप बरा झाला. हे जिनच्या थांबलेल्या यादीचं काम. नवीन नोंदी जिन लगेच झाडात घालत नाही. त्या एका बाजूच्या यादीत साचतात आणि प्रत्येक शोधाला ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. व्हॅक्यूम (डेटाबेसची साफसफाई) आला किंवा यादी चार एमबीच्या पुढे गेली की ती रिकामी होते, आणि त्या क्षणी नोंद करणारा बिचारा लटकतो. मोठी भरती झाल्यावर जिन_क्लीन_पेंडिंग_लिस्ट स्वतः चालवा आणि लगोलग ॲनालाइझही करा. शोधाचा वेग सारखाच राहायला हवा असेल तर त्या इंडेक्सचा फास्टअपडेट बंद करा. नोंदी थोड्या मंदावतील.

पाच वेळा ठीक आणि सहाव्यांदा अडकली, असं वाटत असेल तर तो भास नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (शब्दाची जागा रिकामी ठेवून आधीच तयार केलेली क्वेरी) पहिल्या पाच वेळा प्रत्यक्ष शब्द बघून प्लॅन करतं. त्यानंतर सरासरी खर्च परवडतोय असं वाटलं तर ‘शब्द कोणताही असो’ असा एकच प्लॅन धरून बसतं. ‘मेडिकल’ आणि ‘पैठणी’ला एकच प्लॅन म्हणजे काय होतं ते वर बघितलंच. या क्वेरीपुरता प्लॅन_कॅश_मोड फोर्स_कस्टम_प्लॅनवर ठेवा.

आणि मराठी मजकूर असेल तर एक खास आपला घोळ. पोस्टग्रेससोबत मराठीचा स्टेमर (शब्दाचे प्रत्यय छाटणारा) येत नाही, म्हणून ‘सिंपल’ वापरायचं आणि शब्दाच्या सुरुवातीवरून शोधायचं. ‘दुकान’ने ‘दुकानात’, ‘दुकानाचे’ सापडतात. पण ‘पंक्चरवाला’ने ‘पंक्चरवाल्याकडे’ सापडत नाही, सामान्यरूपात ‘वाला’चा ‘वाल्या’ झालेला असतो. शोधशब्दाचा शेवटचा काना काढून मग प्रीफिक्स लावला तर बरंचसं जमतं. त्याहून छुपा घोळ ‘ऱ’चा. ‘कोपऱ्यावर’मधला ऱ कुणी एका कोडने लिहितो, कुणी र आणि खाली नुक्ता देऊन, कुणी रला हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारी जोडखूण) लावून. डोळ्यांना तिन्ही सारखे, इंडेक्सला तिन्ही वेगळे. पोस्टग्रेस १३ पासूनच्या नॉर्मलाइझने पहिले दोन एक होतात, तिसरा मात्र स्वतः बदलून घ्यावा लागतो. भरताना आणि शोधताना दोन्हीकडे, एकाच फंक्शनने. ट्रायग्राम (शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे) वापरत असाल तर शो_टीआरजीएमला ‘दूध’ देऊन बघा. रिकामं उत्तर आलं तर डेटाबेसचा लोकेल (भाषेची मांडणी) सी आहे आणि देवनागरी त्याच्या लेखी अक्षरंच नाहीत.

मी आता कुठलाही बदल केला की चार क्वेऱ्या चालवतो: कोथरूडला मेडिकल, भामरागडला मेडिकल, येवल्यात पैठणी, भामरागडला पैठणी. पाचवी ‘पैठनी’, न असलेल्या शब्दासाठी. प्रत्येकीने वाचलेल्या पानांचा आकडा तारखेसकट एका फाइलीत लिहून ठेवतो. पहिल्या तीन सहसा जागच्या हलत नाहीत. बिघडायला लागतात त्या शेवटच्या दोन, आणि फाइल असली की कोणत्या तारखेपासून बिघडल्या हे शोधायला लॉग उपसावे लागत नाहीत.